आकसलेल्या फोमच्या बुटांवर लाकडी शू स्ट्रेचर: सोलापुरातल्या वापरानंतरचा अभिप्राय

दुहेरी ताण देणारा, म्हणजे बुटात घालून त्याला लांबीला आणि रुंदीला ताणणारा, लाकडी शू स्ट्रेचर मुळात चामडी बुटांसाठी बनवलेला असतो. उन्हाने आकसलेले फोमचे बूट त्याच्या साहाय्याने घरच्या घरी पुन्हा पायात बसण्याजोगे करता येतात का, एवढ्याच प्रश्नापुरता हा अभिप्राय आहे. उत्तर आधीच सांगायचे तर, रुंदीच्या बाबतीत तो चांगले काम करतो, लांबीच्या बाबतीत अर्धेमुर्धे करतो, आणि गरम पाण्याची जोड दिली नाही तर फोमवर त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. खोक्यावर छापलेल्या सूचनांमध्ये गरम पाण्याचा उल्लेखही नाही, त्यामुळे ज्यांनी तो सूचना वाचून फोमच्या बुटांवर वापरला असेल त्यांना तो निकामी वाटला असण्याची शक्यता आहे.

हा प्रश्न सोलापूरकरांना इतरांपेक्षा अधिक भेडसावतो, याचे कारण उघड आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा ४२-४३ अंशांवर जातो, पण हे हवेचे, तेही सावलीत मोजलेले तापमान असते. त्याच दुपारी घरावरचा पत्रा, गच्चीची फरशी, किंवा काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचा डॅशबोर्ड यांचे तापमान ६५-७० अंशांच्या पुढे सहज सरकते. गडद रंगाचा बूट ते आणखी ओढून घेतो. ज्या जोडावर मी हा स्ट्रेचर वापरला तो माझ्या थोरल्या बहिणीचा. ताई रुग्णालयात परिचारिका आहे आणि पाळीभर उभे राहावे लागत असल्याने हलके, धुता येणारे फोमचे बूटच वापरते. धुऊन पत्र्यावर वाळत घातलेला तिचा निळा जोड संध्याकाळी उतरवला तेव्हा पायात जाईना. बूट स्थानिक बाजारातला, नाव नसलेला होता, पण नामांकित कंपन्यांचा मालही या नियमाला अपवाद नाही. २००२ साली अमेरिकेत सुरू झालेल्या क्रॉक्स कंपनीचे बूट ज्या क्रॉस्लाइट नावाच्या फोमचे असतात, तोही उष्णतेने आकसतो, आणि बूट कडक उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नयेत असे ती कंपनी स्वतःच सांगते.

स्ट्रेचर कुठपर्यंत साथ देईल हे समजून घेण्यासाठी फोम का आकसतो ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. असे बहुतेक बूट इव्हीए, म्हणजे इथिलीन व्हिनिल ॲसिटेट या प्लास्टिकच्या फोमचे असतात. तापलेल्या साच्यात हे प्लास्टिक, वायू निर्माण करणारे रसायन आणि प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंफणारे रसायन एकत्र असतात. साचा उघडताच आतला वायू फुगतो आणि बूट टुणकन बाहेर येतो, तो साच्यापेक्षा जवळजवळ दीडपट मोठा होऊन. त्यानंतर त्याला ठरावीक उष्णतेच्या बोगद्यातून हळूहळू थंड करत आणतात, जेणेकरून जेवढे आकसायचे तेवढे त्याने कारखान्यातच आकसून घ्यावे. ही पायरी घाईत उरकलेली असेल तर उरलेले आकसणे गिऱ्हाइकाच्या दारात होते. इव्हीएमधला स्फटिकासारखा घट्ट भाग साधारण ७० ते ९० अंशांच्या दरम्यान वितळू लागतो. तो सैल पडला की ताणून धरलेल्या साखळ्या मूळ जागी परतू पाहतात, आणि त्याच वेळी फोममधल्या बंद पेशींमधला, म्हणजे बारीक बुडबुड्यांमधला, थोडा वायूही बाहेर झिरपतो.

यातली पहिली गोष्ट उलटवता येते. बूट पुन्हा तितकाच तापवला, मऊ झाल्यावर ताणला आणि ताणलेल्या स्थितीतच थंड होऊ दिला, तर स्फटिक नव्या आकारात घट्ट होतात. दुसरी गोष्ट मात्र कायमची आहे, कारण गेलेला वायू पेशींत परत भरण्याची सोय कोणत्याही घरात नसते. म्हणून ताणलेला बूट मापाला परत आला तरी त्याचा तळ पूर्वीइतका गुबगुबीत राहत नाही. अंगठ्याने टाचेच्या जागी दाबून पाहिल्यास हा फरक लगेच कळतो: न आकसलेला फोम आत दबून सावकाश वर येतो, आकसलेला जेमतेम दबतो. स्ट्रेचर विकणारे याबद्दल बोलत नाहीत, आणि टाचदुखीसाठी असे बूट घेणाऱ्यांना तर नेमके हेच ठाऊक असायला हवे.

आकसणे मोजून पाहिले तर आकडा किरकोळ वाटतो. ताईच्या जोडाचा आतला तळ नवा असताना २५.२ सेंटीमीटर होता. हा आकडा खात्रीचा आहे, कारण त्याच मापाचा आणि त्याच मालाचा न वापरलेला दुसरा जोड घरात होता. आकसलेला बूट २४.३ सेंटीमीटर भरला, म्हणजे साडेतीन टक्क्यांची घट. पण आपल्याकडे प्रचलित असलेल्या ब्रिटिश पद्धतीच्या मापात एका नंबरचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि युरोपीय पद्धतीत तर तो केवळ पावणेसात मिलिमीटर. नऊ मिलिमीटर कमी होणे म्हणजे सहा नंबरचा बूट पाच नंबरचा होणे. शिवाय फोम सर्व बाजूंनी आकसतो, त्यामुळे पंजाची रुंदी आणि पायाच्या वरच्या बाजूवर येणाऱ्या पुलाची उंचीही त्याच प्रमाणात घटते, आणि बूट केवळ आखूड न होता सर्व बाजूंनी आवळतो.

आता स्ट्रेचरविषयी. मी ऑनलाइन मागवलेला लाकडी स्ट्रेचर एका पायाचा होता आणि सातशे रुपयांच्या आत मिळाला. जोडीने घेतल्यास काम निम्म्या वेळात होते, परंतु घरगुती वापरासाठी एक पुरतो, फक्त बूट पाळीपाळीने ताणावे लागतात. पुढचा ठोकळा पंजाच्या आकाराचा आणि मधोमध चिरलेला आहे. मागे टाचेचा लहान ठोकळा, आणि दोहोंना जोडणारी धातूची मळसूत्री दांडी. दांडीच्या शेवटी असलेला आकडा, म्हणजे हूक, फिरवला की पंजाचे दोन भाग एकमेकांपासून दूर होतात, मधली नळी फिरवली की टाच मागे सरकते. लाकूड नीट घासलेले आहे, कडा बोचत नाहीत, आणि आटे सफाईने फिरतात. पायाला कुरूप (भोवरी) असलेल्यांसाठी पंजात बसवायच्या लहान गुंड्याही सोबत आल्या आहेत. फोमच्या बुटाला आधीच मोठमोठी भोके असल्यामुळे त्यांचा येथे काहीच उपयोग नाही. याच कामासाठी मिळणारा स्प्रिंगचा प्लास्टिक स्ट्रेचरही घरात होता. तो गरम बुटात घातल्यावर स्वतःच वाकू लागला, त्यामुळे त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

कोरड्या बुटात स्ट्रेचर घालून रात्रभर ठेवल्यास सकाळी बूट छान रुंद दिसतो, आणि स्ट्रेचर काढल्यावर चहा होईपर्यंत पूर्ववत होतो. फोमला रबरासारखी ओढ असते, ती उष्णतेने सैल केल्याशिवाय ताण टिकत नाही. यासाठी पाणी हेच सर्वांत सुरक्षित साधन आहे. कारण ते आपोआप मर्यादेत राहते: सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळते, त्यापुढे कितीही जाळ लावला तरी उघड्या भांड्यातले पाणी तापत नाही. गीझरचे पाणी मात्र चालत नाही, ते बहुधा ५०-६० अंशांवरच थांबते आणि तेवढ्याने फोम फक्त कोमट होतो.

येथे एक खाच आहे. मोकळा बूट तसाच उकळत्या पाण्यात टाकला तर तो सैल पडताक्षणी आणखी आकसतो, कारण त्याला धरून ठेवणारे आत काहीच नसते. म्हणून पाण्यात सोडण्यापूर्वीच तो भरलेला असला पाहिजे. लाकडी स्ट्रेचर पाण्यात बुडवणे त्याच्या जिवावर येते, तेव्हा त्या टप्प्यासाठी जुना टर्किश टॉवेल वापरावा. सोलापुरात घरटी एखादा जुना टॉवेल निघतोच, आणि त्याचे उभे तंतू पाणी धरून ठेवत असल्यामुळे बूट आतूनही तापतो. टॉवेल ओला करून, पिळून, त्याची घट्ट वळकटी बुटाच्या टोकापर्यंत ठासून बसवायची. जर्मनच्या जुन्या मोठ्या पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करायचा, मग बूट त्यात सोडायचा. फोम पाण्यावर तरंगतो, म्हणून वर ताटली आणि तिच्यावर वरवंटा ठेवणे भाग आहे. चार-पाच मिनिटांत बूट पुरेसा मऊ होतो. सांडशीने बाहेर काढून चिमटीत धरल्यास काठ भिजलेल्या चामड्यासारखा लुळा पडलेला असतो आणि रंगही किंचित गडद दिसतो. नेमके तेव्हाच टॉवेल ओढून काढायचा आणि लगेच स्ट्रेचर घालायचा. येथे मिनिट-दीड मिनिटच हातात असते, त्यामुळे स्ट्रेचर आधीच अंदाजाने उघडून, शेजारी तयार ठेवलेला असावा. हातात रबरी मोजे हवेतच.

आकडा फिरवताना काठांकडे लक्ष ठेवावे. पंजाच्या दोन्ही बाजूंना, जिथे भोके एकमेकांजवळ आहेत, तिथला फोम पांढुरका दिसू लागला की थांबावे, कारण पुढचा आटा भोकाच्या कडेला चीर पाडतो. मापाच्या थोडे पलीकडे, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर जास्त ताणणे योग्य, कारण थंड होऊन स्ट्रेचर निघाल्यावर बूट तेवढा परत येतोच. त्यानंतर ताणलेल्या अवस्थेत बूट सावलीत पूर्ण थंड होऊ द्यावा, शक्यतो रात्रभर. वरून थंड पाणी ओतल्याने काम लवकर होते हे खरे, पण लाकूड भिजते आणि दांडीला गंज धरतो.

या स्ट्रेचरची खरी अडचण टाचेशी आहे. चामडी बुटाला मागे उंच, ताठ भिंत असते, त्यामुळे टाचेचा ठोकळा तिच्यावर रेटून बसतो. फोमच्या उघड्या बुटाला मागे बोटभर उंचीचा काठच काय तो असतो. नळी फिरवून ताण वाढवला की ठोकळा त्या काठावरून वर चढतो आणि निसटतो, आणि गरम फोमवर काठ बाहेर उलटलेला तसाच राहतो. यावर मी केलेला उपाय असा: टाचेच्या ठोकळ्याखाली तळाच्या लांबीची चपटी लाकडी पट्टी सरकवली, जेणेकरून रेटा काठाच्या तळाशी लागेल, आणि ठोकळा वर उचलला जाऊ नये म्हणून संपूर्ण बुटाभोवती सुतळीचे दोन वेढे घट्ट बांधले. त्यामुळे लांबीचा ताण टिकला. सुतळीखाली कापडाची घडी ठेवली नाही तर गरम फोमवर तिचा वळ कायमचा उमटतो. टाचेचा ठोकळा खाली चपटा आणि पुढे खाचेचा दिला असता तर ही सारी खटपट करावी लागली नसती.

निष्पत्ती अशी की, रुंदी पूर्णपणे परत आली आणि टिकली. लांबी २४.३ वरून २४.९ सेंटीमीटरवर आली आणि रोजच्या वापरात पुढे दोनेक मिलिमीटरने पुन्हा घटून स्थिरावली. म्हणजे हरवलेल्या नऊ मिलिमीटरपैकी सुमारे चार मिळाले. ताईची करंगळी आता दबत नाही आणि पायावरचा पूल मोकळा झाला आहे, पण अंगठा अजून पुढे टेकतो, म्हणून हा जोड तिने घरातल्या वापरासाठी ठेवला आहे. अर्ध्या नंबराइतका आकसलेला बूट या पद्धतीने पुरता सुधारेल असे मला वाटते. एक नंबर गेलेला असेल तर अपेक्षा माफक ठेवावी, आणि त्याहून अधिक गेला असेल तर तो लहान पायाच्या कोणाला देऊन टाकणे श्रेयस्कर.

स्ट्रेचरवर पैसे घालण्याची गरज आहे का, असा प्रश्न साहजिक आहे, कारण हेच काम पायाने करण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो: बूट गरम पाण्यातून काढावा, जाड मोजे दुहेरी घालावेत, आणि थंड होईपर्यंत तो पायात घालून घरात चालावे. किंचित आकसलेल्या बुटासाठी ही पद्धत खरोखर पुरेशी आहे. पायाचा स्वतःचा आकार बुटात उमटतो हा तिचा मोठा गुण, आणि खर्च शून्य. परंतु ज्या तापमानाला फोम मऊ राहतो ते त्वचेला सोसत नाही. पायाला सोसेल इतका बूट निवेपर्यंत तो निम्मा घट्ट झालेला असतो, म्हणून नऊ मिलिमीटरची घट पायाने भरून निघत नाही. मधुमेह असलेल्यांनी तर ही पद्धत मुळीच वापरू नये. तळपायाची संवेदना कमी झालेली असेल तर भाजल्याचे कळतही नाही, आणि तिथली जखम लवकर भरत नाही. घट्ट बूटही त्यांच्यासाठी तितकाच वाईट, तेव्हा त्यांनी ताणाताणीच्या भानगडीत न पडता योग्य मापाचे, डॉक्टरांनी सुचवलेले एमसीआरचे, म्हणजे मऊ मायक्रोसेल्युलर रबराचे, पादत्राण घ्यावे.

बाकीचे उपाय लवकर निकालात निघतात. पाण्याची पिशवी बुटात भरून फ्रीजरमध्ये ठेवण्याची युक्ती चामड्याला लागू पडते, कारण बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते. पण थंडीत इव्हीए कडक होतो, आणि बर्फ वितळल्यावर बूट जसाच्या तसा असतो. हेअर ड्रायरने एका जागी जास्त आणि दुसऱ्या जागी कमी उष्णता लागते. पातळ काठ आधी सुरकुततो आणि तळ थंडच राहतो. ओव्हन आणि प्रेशर कुकर यांचे नावही काढू नये. शिट्टीच्या दाबाखाली कुकरमधली वाफ १२० अंशांपर्यंत जाते, तिथे बूट आणखीच आकसतो. शिवाय त्या कुकरमध्ये पुन्हा वरण शिजवण्याचे धाडस कोणी करेल असे वाटत नाही. वर्तमानपत्राचे ओले बोळे ठासणे हा उपाय टॉवेलच्या जवळचा आहे, पण बोळे दबतात, आणि हलक्या रंगाच्या बुटाला आतून शाई लागते.

चर्मकाराकडे नेण्याचा मार्गही तपासून पाहिला. नवी पेठेच्या बाजूला बसणाऱ्या एका अनुभवी काकांनी चामड्याचा बूट फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, चढवून द्यायची तयारी दाखवली, पण निळा जोड हातात घेऊन, अंगठ्याने दाबून, परत केला. "ह्याला फर्मा लावून काय उपयोग नाही, काढला की परत बसतंय. गरम केल्याशिवाय ऐकत नाही हे, आणि गरम करायचं काम आमचं नाही," असे ते म्हणाले. त्यांचे निदान अचूक होते. त्यांनी मागच्या पट्ट्याचे काम मात्र तिथल्या तिथे करून दिले. बुटाबरोबर पट्टाही आकसतो, आणि प्लास्टिकच्या गुंडीवर तो इतका ताणला जातो की गुंडी उपटून येते. पट्टा स्ट्रेचरने ताणता येत नाही, त्यामुळे थोडा लांब पट्टा नव्या गुंड्यांनी बसवून घेणेच सोयीचे. हे काम किरकोळ पैशांत होते.

एका स्वस्त जोडासाठी सातशे रुपयांचा स्ट्रेचर घेणे व्यवहाराला धरून नाही, तेवढ्यात नवा जोड येतो. महागडा फोमचा बूट असेल, किंवा घरात चामडी बूट आणि शाळेचे बूट यांचीही ये-जा असेल, तर वस्तू घेण्याजोगी आहे, कारण चामड्यावर ती खरोखर उत्तम चालते. वापरानंतर लाकूड सावलीत वाळवून दांडीच्या आट्यांवर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडावे लागतात. माझ्या स्ट्रेचरच्या दांडीवर गरम बुटातल्या ओलाव्यामुळे पहिल्याच वापरानंतर तांबूस डाग आला होता, तो तेलाने निघाला. ठोकळे मात्र ओले असताना घट्ट मिटवून ठेवू नयेत, लाकूड फुगून चिरेत अडकते आणि दुसऱ्या दिवशी आकडा फिरत नाही.